गांजा, भंग आणि राजदंड
(१८९३ सालच्या चौकशीच्या आधारें आजच्या एका वादाचा विचार)

१. प्रस्ताव

तीन वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं, तेथील सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेंत ‘मादक द्रव्यें व आपले पूर्वज’ या विषयावर आम्ही दोन शब्द बोललों. व्याख्यान संपल्यावर मागच्या बांकावर बसलेले एक वृद्ध शेतकरी उठले आणि त्यांनीं विचारलें, “मास्तर, काशीला सरकारमान्य दुकानांत भंग मिळते, आणि इकडे चिमूटभर गांजासाठीं माझ्या पोराला कोर्टाची पायरी चढावी लागली. झाड तर एकच. मग हा न्याय कोणत्या शास्त्रांतला ?” त्यांचा मुलगा आमच्याच हाताखालीं शिकून गेलेला. त्याच्या खिशांत सांपडलेली पुडी लहान होती, आणि शेवटीं शिक्षाहि केवळ दंडाचीच झाली. परंतु तो निकाल लागेपर्यंत जीं वर्षें गेलीं त्यांत त्याचें सरकारी नोकरीचें वय निघून गेलें.

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें कीं, शास्त्राचा यांत कांहीं संबंध नाहीं. इंग्रज सरकारच्या कमिशननें १८९४ सालींच गांजा निरुपद्रवी ठरविला होता, आणि पुढचा कायदा परक्यांच्या दडपणानें झाला. टाळ्या पडल्या. घरीं आल्यावर मात्र मनाला रुखरुख लागली, कारण त्या कमिशनचा रिपोर्ट आम्हीं स्वतः वाचलेला नव्हता. त्याच्याविषयीं दुसऱ्यांनीं लिहिलेलें तेवढें वाचलें होतें. मूळ साधन न पाहतां विधान करूं नये, असें जन्मभर मुलांना शिकवून आम्हींच तो नियम मोडला होता. पुढें रिपोर्ट मिळवून वाचला, तेव्हां आमचें उत्तर निम्में खरें आणि निम्में खोटें होतें असें आढळून आलें. तें दुरुस्त करावें, आणि मादक द्रव्याच्या सेवनास गुन्हा मानावें कीं मानूं नये या हल्लींच्या वादांत इतिहासाची साक्ष काय पडते तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२. शब्दविचार

प्रथम शब्द निश्चित करूं. भंग, गांजा आणि चरस हीं नांवें बोलण्यांत सरमिसळ येतात. वास्तविक तीं एकाच झाडाच्या तीन निरनिराळ्या पदार्थांचीं नांवें होत. पानें वाटून घोटतात ती भंग. मादी झाडाच्या, बीं न धरलेल्या, राळेनें चिकट झालेल्या फुलोऱ्याचा होतो तो गांजा. आणि निव्वळ राळ तो चरस. गांजा करावयाचा असेल तर शेतांतील नर झाडें वेळींच उपटावीं लागतात, नाहींतर फुलांत बीं धरतें आणि माल हलका पडतो. म्हणजे भंग रानांत आपोआप उगवलेल्या झाडाचीहि होते. गांजाला मात्र शेती, राखण आणि जाणता हात लागतो. जें शेतांत पिकतें त्याच्यावर सरकारास लक्ष ठेवतां येतें आणि करहि बसवितां येतो. हा भेद पुढें कायद्याच्या इतिहासांत फार महत्त्वाचा ठरला.

‘भंगा’ हा शब्द फार जुना आहे. अथर्ववेदांत (११.६.१५) संकटनिवारणार्थ ज्या पांच वनस्पतींचें आवाहन केलें आहे त्यांत सोम मुख्य असून भंगहि आहे. पाणिनीनें (५.२.४) तीळ, उडीद, जवस यांच्या बरोबरीनें भंगेच्या शेतालाहि नांव दिलें, तें ‘भंग्य’ किंवा ‘भांगीन’. एवढ्यावरून ‘आमचे ऋषि भंग पीत असत’ असें अनुमान कांहीं लेखक काढतात. तें टिकत नाहीं. पाणिनीची साक्ष शेताची आहे, पेल्याची नव्हे; जवसाच्या पंक्तीस बसलेली भंगा सुताकरितां किंवा बियांकरितां पेरली जात असणें सर्वथा शक्य आहे. अथर्ववेदाच्या त्या स्थळींहि ती पिण्याविषयीं कांहीं सांगितलेलें नाहीं. याच्या उलट, शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत संशयास जागा राहत नाहीं. पचन होण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापणाऱ्या ‘व्यवायी’ द्रव्यांचें उदाहरण म्हणून तेथें भंगा आणि अहिफेन, म्हणजे अफू, हीं दोन्ही जोडीनें दिलीं आहेत. तात्पर्य, झाड वेदकालापासून ओळखीचें. त्याच्या मादकतेचा स्पष्ट विचार मात्र वैद्यांच्या ग्रंथांत आढळतो, आणि तो स्तुतीचा नसून द्रव्यगुणाचा आहे. ‘आपल्या परंपरेची संमति’ असें जें म्हणतात तें इतक्या सैल हातानें म्हणूं नये.

तसेंच दुसरे दोन शब्द. एखादें द्रव्य बाळगणें किंवा सेवणें हा गुन्हा न मानणें ही एक गोष्ट. त्याची उघड विक्री करण्यास परवानगी देणें ही निराळी गोष्ट. पहिलीस आपण ‘अपराधमुक्ति’ म्हणूं व दुसरीस ‘विक्रीमुक्ति’. पहिलींत विकणारा गुन्हेगारच राहतो. सेवन करणारा मात्र तुरुंगाच्या दारांतून दवाखान्याच्या दाराकडे वळविला जातो. या दोहोंची गल्लत झाल्यामुळें आजच्या वादांतील अर्धा आवाज व्यर्थ खर्च होत आहे.

३. कमिशनची नेमणूक

२ मार्च १८९३ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत विल्यम स्प्रोस्टन केन या सभासदानें बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयीं व व्यापाराविषयीं प्रश्न विचारला. केन हा मद्यपाननिषेधाच्या चळवळीचा पुढारी होता. गांजानें लोक वेडे होतात, हिंदुस्थानांतील वेड्यांचीं इस्पितळें अशा लोकांनीं भरलीं आहेत, आणि सरकार मात्र त्यांच्यावर कर मिळवितें, असा या बाजूचा आक्षेप होता. हिंदुस्थान सरकारनें ३ जुलै १८९३ च्या ठरावानें कमिशन नेमलें, आणि मूळ प्रश्न बंगालपुरता असतांहि चौकशी सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर नेली.

मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. ओमॅनी, फ्रेझर व डॉक्टर वॉर्डन हे युरोपियन सभासद. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे एतद्देशीय सभासद. आणि मॅकिन्टॉश हे चिटणीस. ७० प्रश्नांची यादी प्रांतोप्रांतीं पाठविण्यांत आली, आणि एकंदर १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें घेण्यांत आलें. त्यांत अंमलदार, डॉक्टर, वैद्य, शेतकरी, मक्तेदार, मिशनरी असे नाना तऱ्हेचे लोक होते. १८९४ सालीं तयार झालेला हा रिपोर्ट साक्षींसह सात खंडांचा आहे.

महाराष्ट्राचा या चौकशीशीं दोन प्रकारें संबंध येतो. मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत होत असे, त्यामुळें येथील शेतकऱ्याच्या पिकाचा प्रश्न त्यांत होता. दुसरें, रिपोर्टास जोडलेलीं दोन परिशिष्टें आमच्या वाचकांस विशेष गोडीचीं वाटतील. एक ग्रियर्सन यांचें, संस्कृत व हिंदी वाङ्मयांतील उल्लेखांविषयीं. आणि दुसरें जेम्स कॅम्बेल यांचें, भंगेशीं निगडित झालेल्या धर्मभावनेविषयीं. मुंबई इलाख्याचें गॅझेटियर संपादणारे तेच हे कॅम्बेल. त्यांचें परिशिष्ट रसाळ आहे. परंतु तें वाचतांना तें भक्तांच्या श्रद्धेचें वर्णन आहे, धर्मशास्त्राचा निर्णय नव्हे, हें विसरतां कामा नये. आजचे कित्येक लेखक नेमकें हेंच विसरतात.

४. वेड्यांच्या इस्पितळांचीं बुकें

आतां या रिपोर्टाच्या ज्या भागानें आम्हांस थक्क केलें त्याकडे वळूं. इतिहाससंशोधकानें कागदाची परीक्षा कशी करावी याचा हा एक उत्तम पाठ आहे.

गांजानें वेड लागतें या समजुतीस त्या काळीं सर्वांत मोठा आधार होता तो इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांचा. त्यांत वेडाच्या कारणाचा एक रकाना असे, आणि वर्षानुवर्षें त्या रकान्यांत ‘गांजा’ हा शब्द शेंकडों रोग्यांपुढें पडलेला दिसे. छापलेला आंकडा पाहिला कीं माणसाचा विश्वास बसतो. कमिशननें असा प्रश्न केला कीं, हा शब्द त्या रकान्यांत प्रथम कोणी लिहिला ?

शोध घेतां असें निष्पन्न झालें कीं, बहुधा तो पोलिसांनीं लिहिलेला. भटकत असलेला वेडा सांपडला कीं पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढें नेत, आणि तेथून तो इस्पितळांत जाई. सोबत वर्णनाचा एक कागद जाई. त्या कागदांत कारणाची जागा रिकामी ठेवणें बरें दिसत नसे. माणूस अनोळखी, घरचें कोणी जवळ नाहीं, पूर्वेतिहास ठाऊक नाहीं. मग चिलीम ओढणारा दिसला, किंवा ओढत असावा असें वाटलें, तरी ‘गांजा’ असें लिहून काम भागे. इस्पितळाचा अधिकारी तोच शब्द आपल्या बुकांत उतरून घेई. बुकांतून तो वार्षिक तक्त्यांत जाई. तक्त्यांतून डॉक्टरांच्या ग्रंथांत, आणि ग्रंथांतून पार्लमेंटांतील प्रश्नांत. पुढें नवा अधिकारी येई, तोहि हे तक्ते वाचूनच तयार झालेला. त्यामुळें त्यालाहि रोग्यांत गांजाच दिसे. याप्रमाणें एका शिपायाचा तर्क दहा हातांतून फिरून शास्त्राच्या पदवीला चढला.

कमिशननें १८९२ या एका सालापुरते सर्व रोगी पुन्हां तपासण्याचें ठरविलें. त्या सालीं इस्पितळांत १,३४४ रोगी दाखल झाले होते. प्रत्येकाचे कागद पाहून, जेथें शक्य तेथें नातेवाइकांकडे व गांवीं विचारपूस करून, गांजा वगैरेंचा वेडाशीं संबंध मानण्यास कांहीं सयुक्तिक आधार सांपडतो असे रोगी ९८ निघाले. म्हणजे शेंकडा सुमारें ७.३. या ९८ मध्येंहि कित्येकांच्या बाबतींत दुसरीं कारणें मिसळलेलीं होतीं.

येथें दोन गोष्टी सारख्याच जोरानें सांगणें अवश्य आहे. पहिली, तक्त्यांच्या आधारें उठविलेला बोभाटा फोल ठरला. दुसरी, ९८ म्हणजे शून्य नव्हे. आमच्या व्याख्यानांत आम्हीं ही दुसरी गोष्ट गाळली होती.

५. निर्णय आणि भिन्नमत

कमिशनचा एकंदर निर्णय असा : बेताचें सेवन हाच सर्वसाधारण प्रकार असून त्यापासून शरीरास, मनास किंवा नीतीस म्हणण्यासारखा अपाय होत नाहीं, अतिसेवन हा अपवाद, परंतु तें निश्चित घातक आहे, गुन्ह्यांशीं या द्रव्यांचा संबंध अत्यंत थोडा आहे. म्हणून संपूर्ण बंदी नको, नियंत्रण पाहिजे. त्यासाठीं भरपूर कर बसवावा, परवान्यावांचून लागवड होऊं देऊं नये, लागवड शक्य तों एके ठिकाणीं आणावी, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी, आणि एका माणसानें जवळ किती बाळगावें याला हद्द घालावी. बंदी केल्यास लोक अधिक घातक द्रव्यांकडे वळतील, बैरागी-गोसाव्यांत असंतोष माजेल आणि लांचलुचपत वाढेल, असेंहि त्यांनीं बजावलें.

ज्यांनीं कौटिल्याचें अर्थशास्त्र वाचलें आहे त्यांस यांत ओळखीचा सूर ऐकूं येईल. त्यांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत (२.२५) मद्याची बंदी सांगितलेली नाहीं, विक्री नेमलेल्या ठिकाणीं व्हावी, माहितीच्या सभ्य माणसांसच थोडें मद्य बाहेर नेऊं द्यावें, बाकीच्यांनीं पानागारांतच प्यावें, उत्सवाचे दिवस तेवढी सूट द्यावी, आणि पिणाऱ्यांवर हेरांची नजर असावी, असा तो क्रम आहे. राजनीतीनें निषेधापेक्षां नियमन पसंत केल्याचें हें जुनें उदाहरण होय. परंतु कौटिल्याच्या राज्यांत काय, किंवा इंग्रजांच्या राज्यांत काय, नियमनाच्या पाठीमागें राजाची तिजोरी उभी असते, हेंहि संशोधकानें नजरेआड करूं नये. कमिशनचा निष्कर्ष सरकारच्या उत्पन्नास सोयीचा होता. म्हणून तो खोटा ठरत नाहीं. इस्पितळांच्या बुकांची त्यांनीं केलेली छाननी आजहि निर्दोष वाटते. परंतु ‘सरकारी कमिशननेंच सांगितलें’ असें म्हणून डोळे मिटण्यासारखें तें प्रमाणहि नव्हे.

शिवाय एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. सात सभासदांपैकीं राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोघांनीं भिन्नमतपत्रिका जोडल्या. तीन एतद्देशीय सभासदांपैकीं दोघांस बहुमताचा निर्णय पटला नाहीं, हें लक्षांत घेतां ‘परक्यांनीं बंदी लादली, आपल्या लोकांस ती नको होती’ हें आमचें विधान किती उथळ होतें तें उघड होईल. वस्तुस्थिति जवळजवळ उलट होती : नियंत्रित विक्री चालूं ठेवा म्हणणारे बहुसंख्य परके, आणि त्याविरुद्ध उठलेले ते आपल्यांतलेच.

साक्षींत दिसणारें लोकमतहि असेंच दुहेरी आहे. सणासुदीची भंग आणि रोजची चिलीम यांत लोक भेद करीत. पहिलीकडे कौतुकानें किंवा काणाडोळ्यानें पाहत. दुसरीला नांवें ठेवीत. याची साक्ष आपली मराठी भाषाच देते. ‘गांजेकस’ किंवा ‘भंगड’ हे शब्द आपण गौरवानें कधीं उच्चारतों काय ? त्या शब्दांत कायदा नाहीं, परंतु समाजाचा निवाडा आहे. आणि तो कोणत्याहि इंग्रजी कायद्यापूर्वींचा आहे.

६. १८९४ पासून १९८५ पर्यंत

कमिशनच्या शिफारशीनुसार पुढील कित्येक दशकें परवान्याची पद्धत चालली. बंगालमधील नौगांव (आतां बांगलादेशांत) आणि मध्यप्रांतांतील खांडवा येथील गांजा सरकारी देखरेखीखालीं पिके आणि सरकारी परवान्याच्या दुकानांत विकला जाई. मग बदल कोठून झाला ? तो दोन दिशांनीं झाला.

एक दिशा बाहेरची. १९२४-२५ सालीं जिनीव्हा येथें भरलेल्या अफू-परिषदेंत ईजिप्तच्या प्रतिनिधीनें हा विषय पुढें आणला, आणि १९२५ च्या करारांत गांजा प्रथमच आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आला. १९६१ च्या संयुक्त करारांत तो अत्यंत कडक नियंत्रणाच्या यादींत घातला गेला. मात्र त्या करारांत व्याख्या करतांना फुलोऱ्याचे शेंडे तेवढे धरले; शेंड्यांसोबत नसतील तर बिया व पानें वगळलीं. ज्या देशांत पूर्वापार सेवन चालत आलें आहे त्यांना तें बंद करण्यास करार अमलांत आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्यें अमलांत आला, म्हणजे मुदत १९८९ अखेर संपणार होती.

दुसरी दिशा घरची, आणि ती आम्हीं व्याख्यानांत मुळींच सांगितली नव्हती. मद्यपाननिषेध हा आपल्या राष्ट्रीय चळवळीचा एक भाग होता. १९०८ सालीं पुण्यांत दारूच्या दुकानांवर जी निरोधनें झालीं त्यांच्या पाठीशीं लोकमान्य टिळक होते. स्वराज्य आल्यावर मुंबई सरकारनें १९४९ चा दारूबंदीचा कायदा केला. त्याच्या कक्षेंत केवळ दारू नव्हे, तर भंग-गांजासारखीं मादक द्रव्येंहि आलीं. महाराष्ट्रांत तो कायदा आजहि चालूं आहे, आणि म्हणून काशीला जी भंग परवान्याच्या दुकानांत मिळते ती येथें परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं. आपल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदांतहि, औषधी उपयोग सोडून, आरोग्यास घातक अशीं मादक पेयें व द्रव्यें यांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्यानें करावा असा निर्देश आहे. तो कोणा परक्यानें लिहिलेला नाहीं.

या दोन्ही प्रवाहांचा संगम म्हणजे १९८५ चा अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलांत आला. त्यांत चरस व गांजा निषिद्ध ठरले; गांजाची व्याख्या १९६१ च्या कराराप्रमाणेंच केल्यामुळें नुसतीं पानें, म्हणजेच भंग, त्या व्याख्येबाहेर राहिली, आणि तिचा निर्णय राज्यांकडे गेला. वृद्ध शेतकऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच. झाड एकच, परंतु पानाचा कायदा राज्याचा आणि फुलाचा कायदा केंद्राचा. तो न्याय कोणत्याहि शास्त्रांतला नाहीं. तो एका व्याख्येंतला आहे.

या कायद्यांतहि पुढें फेरफार झाले. २००१ च्या दुरुस्तीनें अल्प, मध्यम व व्यापारी अशा प्रमाणांनुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. गांजा एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोपासून पुढें व्यापारी मानला जातो; अल्प प्रमाणास आज एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कांहीं पुनरावृत्त गुन्ह्यांस मृत्युदंड सक्तीचा होता; ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयानें २०११ सालीं घटनाबाह्य ठरविली, आणि २०१४ च्या दुरुस्तीनें संसदेनेंहि ती काढली. आणि २ डिसेंबर २०२० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगानें २७ विरुद्ध २५ मतांनीं गांजा सर्वांत कडक यादींतून काढला. भारताचें मत काढण्याच्या बाजूनें पडलें. तथापि नियंत्रणाच्या पहिल्या यादींत तो कायम असल्यामुळें घरचा कायदा आहे तसाच राहिला.

७. दोन परदेशांचा अनुभव

अपराधमुक्तीचा प्रयोग करून पाहणाऱ्यांत पोर्तुगालचें नांव प्रथम येतें. तेथें १ जुलै २००१ पासून, दहा दिवस पुरेल इतकें द्रव्य स्वतःसाठीं बाळगणें हा फौजदारी गुन्हा राहिला नाहीं. मात्र तें निषिद्धच राहिलें, आणि विक्रीहि गुन्हाच राहिली. सांपडलेला माणूस न्यायालयाऐवजीं तिघांच्या एका मंडळापुढें जातो, आणि तें मंडळ त्याला समज देतें, उपचारांकडे वळवितें, किंवा किरकोळ दंड करतें. त्याबरोबरच उपचारांची सोयहि मोठ्या प्रमाणांत वाढविली गेली. सुया टोंचून घेणाऱ्यांतील एड्सच्या विषाणूचा नवा संसर्ग पुढील वर्षांत पुष्कळच घटला.

याच्या उलट अमेरिकेंतील ओरेगन राज्याचा अनुभव. तेथील मतदारांनीं नोव्हेंबर २०२० मध्यें बहुमतानें सर्व मादक द्रव्यांचें अल्प प्रमाणांतील बाळगणें अपराधमुक्त केलें. फेब्रुवारी २०२१ पासून अंमल झाला. परंतु शिक्षा गेली त्या दिवशीं उपचार दारांत उभे नव्हते. ते सावकाश आले. रस्त्यांवर उघड सेवन दिसूं लागतांच तेंच लोकमत फिरलें, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तें पुन्हां गुन्हा ठरलें. लोकमत दयाळू असतें, परंतु त्याला धीर थोडा असतो, हा यांतील धडा आहे. दंड काढणें एका दिवसाचें काम; दवाखाना उभारणें दहा वर्षांचें.

आपल्या देशाचे आंकडे पाहूं. केंद्र सरकारसाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेल्या, २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, भंग, गांजा किंवा चरस वर्षभरांत घेतलेले लोक शेंकडा २.८, म्हणजे सुमारें ३ कोटि १० लक्ष आहेत. त्यांत भंग घेणारे अधिक. परंतु ज्यांच्या बाबतींत हें सेवन मदतीची गरज पडण्याइतकें घातक झालें आहे अशांची संख्या सुमारें ७२ लक्ष भरते. म्हणजे चौघांत जवळजवळ एक. १८९४ च्या कमिशननें अतिसेवनाला ‘अपवाद’ म्हटलें होतें. चौघांत एक हा अपवाद लहान नव्हे.

या ७२ लक्षांपैकीं एकाचें घर आम्ही जवळून पाहिलें आहे. आमच्या एका सहशिक्षकांचा मुलगा कॉलेजांत असतां गांजा ओढूं लागला, आणि पुढें त्याला भास होऊं लागले. वडिलांनीं दोन वर्षें त्याला दवाखान्यांत नेलें नाहीं. कारण डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि मुलाच्या नांवावर गुन्हा लागेल असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. नेलें तेव्हां रोग जुना झाला होता. दुःखाची गोष्ट ही कीं, व्यसनी माणूस आपण होऊन मान्य रुग्णालयांत उपचार घेईल आणि ते पुरे करील तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालूं नये, अशी तरतूद १९८५ च्या कायद्याच्या ६४-अ या कलमांत त्या वेळींहि होती. ती त्यांना कोणी सांगितली नाहीं. आम्हांसहि ती त्या वेळीं ठाऊक नव्हती.

८. दंड आणि प्रायश्चित्त

शेवटीं, शेतकऱ्यांनीं शास्त्राचें नांव काढलें म्हणून शास्त्रांतील एक स्थळ सांगतों. मनूनें सुरापान हें महापातकांत गणलें आहे. (भंगेचा त्या प्रकरणांत उल्लेख नाहीं, आणि तिच्यावर तो नियम लादणें योग्यहि नव्हे.) प्रायश्चित्त न करणाऱ्या सुरापीच्या कपाळावर मद्याच्या दुकानाची खूण डागावी, असें तेथें (९.२३७) राजाला सांगितलें आहे. दंड अमानुष आहे, आणि तो कोणी परत आणावा असें आम्ही स्वप्नांतहि म्हणणार नाहीं. परंतु पुढेंच (९.२४०) असें सांगितलें आहे कीं, ज्यानें विहित प्रायश्चित्त केलें त्याला डाग देऊं नये, द्रव्यदंड तेवढा घ्यावा. म्हणजे इतक्या कठोर स्मृतिकारालाहि एक गोष्ट समजली होती : जो आपण होऊन सुधारण्यास निघाला त्याच्या कपाळावर जन्माची खूण ठेवूं नये.

६४-अ कलमाचें तत्त्व हेंच आहे. आज कपाळ डागत नाहींत. परंतु गुन्ह्याची नोंद ही एक खूणच आहे, आणि ती नोकरीच्या अर्जावर, पासपोर्टावर, सोयरिकीच्या बोलण्यांत दिसत राहते. आमच्या विद्यार्थ्याच्या कपाळावर ती लागली, आणि तीहि कोर्टानें दिलेल्या दंडाहून कितीतरी जड.

यावरून आमचें मत सांगतों. तें कोणी स्वीकारावें असा आग्रह नाहीं. विक्रीमुक्तीस इतिहासाचा आधार मागणाऱ्यांनीं १८९४ चा रिपोर्ट पुरा वाचावा, भिन्नमतपत्रिकांसकट आणि त्या ९८ रोग्यांसकट. तुरुंगाचा आग्रह धरणाऱ्यांनीं इस्पितळांच्या बुकांचें तें प्रकरण वाचावें, आणि आपल्या मताच्या मुळाशीं एखाद्या शिपायानें भरलेला रकाना तर नाहीं ना, हें पाहावें. आणि दोघांनीं मिळून एवढें तरी करावें कीं, उपचाराची जी वाट कायद्यानें आजच मोकळी ठेवली आहे ती प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यांत मोठ्या अक्षरांत लिहून लावण्यास भाग पाडावें. सेवन करणारास गुन्हेगार न मानण्याचा मोठा निर्णय संसदेनें करावयाचा. परंतु ही पाटी लावण्यास नवा कायदा लागत नाहीं.

ज्या वाचनालयांत आम्हीं तें अर्धें उत्तर दिलें, तेथें या अंकाची एक प्रत आम्ही पाठवीत आहों. त्या वृद्ध शेतकऱ्यांस ती वाचून दाखवावी अशी ग्रंथपालांस विनंति केली आहे. त्यांच्या मुलाचीं गेलेलीं वर्षें त्यानें परत येणार नाहींत; परंतु विचारलेल्या प्रश्नाचें पुरें उत्तर मिळण्याचा त्यांचा हक्क होता, आणि तें देण्याचें आमचें कर्तव्य होतें.